डाव्या बाजूचं टेबल

कॅझ व्रोबेल गॅरेजच्या जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीनं गाडी काढताना दिसला, तेव्हा मी म्हटलं, झालं, या माणसाचं आता काही खरं नाही.

फेब्रुवारीचा महिना. बाहेर गुडघाभर बर्फ. आणि हा चौसष्ट वर्षांचा बाप्या जमिनीवर रांगत पट्टी चिकटवतोय. तेरा फूट लांब, साडेपाच फूट रुंद. चाकांच्या जागी चार चौकोन.

“हे काय चाललंय?” मी दारातूनच विचारलं.

“गाडी,” तो म्हणाला.

“मला तर जमीनच दिसतेय.”

“एप्रिलमध्ये दिसेल, मालकीणबाई. दुसऱ्या शनिवारी ट्रक येतोय. चौदा पेट्या आणि सांगाडा.”

मालकीणबाई म्हणजे मी, बर्नाडीन कोल्ब. लॅन्सिंगच्या मोटार कारखान्याच्या चौथ्या फाटकासमोर माझं खाण्याचं दुकान होतं. अंडी, बटाटे, कॉफी, एकतीस वर्षं. गुडघे गेले तेव्हा दुकानही गेलं, पण कारखान्यातली माणसं मला अजून मालकीणबाईच म्हणतात. कॅझ माझा गिऱ्हाईकही आणि शेजारीही. त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एक कुंपण आहे, तेही पडायला आलेलं, तेव्हा मी या गोष्टीत नाक खुपसणार हे उघडच आहे.

आमच्याकडे असले वेडे पुष्कळ. जन्म गाड्यांच्या कारखान्यात घालवायचा आणि निवृत्त झालं की घरी सुटे भाग मागवून पुन्हा गाडीच जोडायची. पण कॅझचं वेड मला समजू शकत होतं. त्यानं चौतीस वर्षं कारखान्यात एकच काम केलं. पुढच्या उजव्या दाराच्या बिजागऱ्या बसवल्या. वरची एक, खालची एक, सहा बोल्ट. सत्तावन्न सेकंदांत गाडी पुढे सरकायची आणि मागची समोर यायची. लाखो गाड्यांना त्याचा हात लागला असेल. पण ‘ही गाडी मी बनवली’ असं बोट दाखवून म्हणावं, तर एकही नाही. एखाद्या बाईनं जन्मभर नुसता कांदा चिरावा आणि तयार झालेलं कालवण कधी चाखूच नये, तशातली गत.

त्यानं लग्न केलं नाही. आईला सांभाळलं, तिला सांभाळता सांभाळता पन्नाशी गाठली, मग आई गेली. तो उभ्यानं जेवतो. मी खिडकीतून बघते ना. ओट्याशी उभा राहून डब्यातलंच खातो आणि चमचा धुऊन ठेवतो. एकच चमचा. रोज. ते बघून मला राग येतो, आणि मग मी काहीतरी घेऊन कुंपणापलीकडे जाते आणि त्याला टोचून बोलते. आमची मैत्री ही अशी.

तर गॅरेज. ऑक्टोबरपासून त्याचं तेच चाललं होतं. आधी आतलं सगळं बाहेर काढलं आणि चर्चच्या ट्रकमध्ये घालून दिलं. मग त्यानं पाणसळ लावून पाहिलं, तर जमीन दाराकडे चार इंच उतरती. आमच्याकडे सगळीच गॅरेजं तशी असतात, नाहीतर हिवाळ्यात गाडीबरोबर आत येणारा बर्फ वितळून जाणार कुठे? पण कॅझ म्हणाला, सांगाडा उतारावर ठेवला तर गाडी वाकडी जोडली जाईल. झालं. त्यानं काँक्रीट कालवलं आणि तीन दिवस एकट्यानं ओतलं. एकट्यानं! समोरचा लॅरी दोनदा विचारून गेला, “हात लावू का?” “नको, होतंय,” हा म्हणाला. त्याला मदत मागता येत नाही. कोणी आपणहून दिली तर तो अशा चेहऱ्यानं नको म्हणतो की देणाऱ्यालाच चोरट्यासारखं वाटावं.

जमीन टेबलासारखी सपाट झाली, आणि डिसेंबरात दारातून आलेल्या बर्फाचं तळं आतच साठलं. रोज सकाळी हा झाडूनं पाणी बाहेर लोटायचा.

“बदकं पाळ,” मी म्हटलं.

“गाडीसाठी सपाट लागते, मालकीणबाई.”

मग त्यानं भिंतींना पांढरा रंग दिला. आठ ट्यूबलाइट लावल्या. मग दोन कामाची टेबलं बनवली, जाड फळ्यांची, एक उजव्या भिंतीला, एक डाव्या. लोखंड घट्ट पकडायचे दोन वाइस. दोन स्टुलं. भिंतीवर फळ्या ठोकल्या, त्यांवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्यापाशी तिथं लटकणाऱ्या पान्याचा किंवा हातोड्याचा आकार काळ्या पेनानं काढला. उजवीकडे जे, तेच डावीकडे, फक्त आरशात दिसावं तसं उलट. कप अडकवायला आकडेसुद्धा दोन, एक इकडे, एक तिकडे.

“तुला हात दोन आहेत की चार?” मी विचारलं.

तो नुसता हसला. मग माझ्या लक्षात आलं की दोन टेबलं एका उंचीची नाहीत. डावीकडचं चांगलं पाच-सहा इंच उंच होतं.

“हे चुकलंय तुझं.”

“चुकलेलं नाही. कामाचं टेबल माणसाच्या कोपरापर्यंत लागतं. माझं सदतीस इंच. ते बेचाळीस.”

बेचाळीस इंचांवर कोपर असलेला एकच माणूस आम्हा दोघांच्या ओळखीचा होता. ओडेल पेटवे. सहा फूट चार इंच.

ओडेल म्हणजे डावी बाजू. कॅझ ज्या गाडीला उजव्या बिजागऱ्या लावायचा, तिलाच त्याच क्षणी ओडेल डाव्या लावायचा. सव्वीस वर्षं ते दोघे समोरासमोर उभे होते, मध्ये गाडी. दारांच्या मोकळ्या चौकटीतून एकमेकांना दिसायचे ते छाती, हनुवटी, हात. बोलणं व्हायचं तेही त्याच फटीतून, एका गाडीला एक वाक्य. एक गाडी आली की कॅझ म्हणायचा, “काल हरले.” ती गेली, पुढची आली की ओडेल म्हणायचा, “पिचर थकलाय.” तिसऱ्या गाडीला कॅझ: “म्हातारा झाला तो.” अशी एक बेसबॉलची मॅच त्यांना आठवडाभर पुरायची. गाडी पुढे सरकली की कॅझ म्हणणार, “बरं, पुढची येतेय.” ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की माझ्या दुकानात बसला तरी एक वाक्य बोलायचा आणि मग मिनिटभर भिंतीकडे बघत गप्प. नवी आलेली पोरगी मला हळूच विचारायची, “हे जरा मंद आहेत का?”

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती सांगितली नाही तर माझंच तोंड खोटं. माझ्या दुकानात ते दोघे कधी शेजारी बसले नाहीत. कॅझ आतल्या बाजूला, पोलिश मंडळींत. ओडेल दाराजवळच्या स्टुलावर, त्याच्या माणसांत. गोरे आत, काळे दाराजवळ. पाटी नव्हती, नियम नव्हता. तसंच होतं, आणि मी एकतीस वर्षं दोन्हीकडे कॉफी ओतली आणि एक शब्द बोलले नाही. ओडेल नदीपलीकडे राहायचा, आम्ही अलीकडे. कोणी येऊ नका म्हणालं नव्हतं. कोणी या असंही म्हणालं नव्हतं.

गाडीचं ठरलं ते एकदा गाड्या पुढे सरकवणारा पट्टा बंद पडला तेव्हा. चाळीस मिनिटं कारखाना ठप्प. दोघे समोरासमोर उभे, मध्ये एकच गाडी, ती हलेचना. कॅझनं मला सांगितलं होतं, “मालकीणबाई, काय बोलावं कळेना. एवढा वेळ आम्हाला कधी मिळालाच नव्हता.” शेवटी ओडेल म्हणाला होता, “कॅझ, आपण कधीतरी एक पूर्ण बनवू. पहिल्या बोल्टापासून शेवटच्यापर्यंत. तू तुझी बाजू, मी माझी.” कॅझ म्हणाला, “बनवू.” तेवढ्यात पट्टा सुरू झाला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. ओडेल सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन जॉर्जियात मुलीकडे गेला, मेकनला. नाताळात कार्ड यायचं, कारखान्याच्या पत्त्यावर; पाकिटावर मुलीचा पत्ता आणि फोन नंबर. त्यावर छापील शुभेच्छा आणि खाली नुसतं ‘ओडेल’. यंदा कार्ड आलं नव्हतं.

पण टेबल तयार होतं, बेचाळीस इंच. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, या घरात दुसरा चमचा धुतला जाईल.

लेंटचे उपास सुरू होण्याआधीच्या मंगळवारी आमच्याकडे पाँचकी खातात, आत आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरलेले तळलेले गोड गोळे. मी डझनभर घेऊन गेले. कॅझ डावीकडच्या टेबलाशी उभा राहून पाने लावत होता. एकेक पाना उचलायचा, हवेत धरायचा, डोळे मिटायचा आणि मग तो कुठल्या खिळ्यावर जाईल ते ठरवायचा. ओडेल कुठल्या हातानं काय उचलतो, आधी काय, मग काय, सगळं त्याला पाठ होतं.

“येणार कधी तो?” मी विचारलं.

“दुसऱ्या शनिवारी.”

“ट्रक नाही रे. ओडेल.”

“तेच. गाडी येईल तेव्हा.”

“आणि झोपणार कुठे? हजार मैलांवरून येणार माणूस. आईची खोली झाडलीस का? त्या पलंगावर त्याचे पाय बाहेर येतील.”

कॅझनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चिनी बोलले.

“फोनवर काय म्हणाला तो?” मी विचारलं.

“फोन कशाला?”

मी पाँचकीचा डबा खाली ठेवला. “कॅझ, तू त्याला कळवलंयस ना?”

तो हातातला पाना फिरवत राहिला. मग म्हणाला, “कळवायचं काय त्यात. गाडी आली की तो असायचाच.”

देवाशप्पथ सांगते, मला आधी हसू आलं. मग मी त्याचं तोंड पाहिलं आणि हसू विरलं. तो थट्टा करत नव्हता. सव्वीस वर्षं त्यानं मान वर केली की समोर ओडेल होता. बोलवावं लागलं नाही, विचारावं लागलं नाही, वाट बघावी लागली नाही. गाडी आली की डावी बाजू हजर. जगात बाकी माणसांना बोलवावं लागतं, हे या बाबाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाच महिने तो एका माणसासाठी टेबल, दिवे, पाने, कपाचा आकडा तयार करत होता आणि त्या माणसाला पत्ताच नव्हता.

“गाढवा,” मी म्हटलं. “चल घरात. आत्ता फोन लाव.”

“आत्ता?”

“मी येते बरोबर. लाव.”

कारखान्यातल्या सगळ्यांसारखा कॅझही कानानं अर्धा गेलेला. त्याच्या स्वयंपाकघरातला फोन इतका मोठा लावलेला असतो की पलीकडचं सगळं फ्रिजपर्यंत ऐकू येतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळानं कोणी उचलला.

“ओडेल? कॅझ बोलतोय.”

“कोण?”

“कॅझ. उजवी बाजू.”

मग तो जुना खर्जातला आवाज, पण पातळ झालेला. “बोल, उजवी बाजू.”

“गाडी येतेय. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी.”

“कसली गाडी?”

“आपली. पूर्ण. पहिल्या बोल्टापासून.”

मी मनात म्हणत होते, बोल रे, पुढे बोल, ये म्हण. कॅझ भिंतीकडे बघत होता.

“कुठे येतेय?” ओडेलनं विचारलं.

“माझ्या घरी.”

“तुझं घर कुठे आहे, कॅझ?”

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. खरंच माहीत नसलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. कॅझच्या मानेवर रंग चढला. मिनिट भरत आलं असावं. मग तो म्हणाला, “बरं, पुढची येतेय,” आणि फोन ठेवून दिला.

मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पत्ता विचारला होता त्यानं! आणि हा फोन ठेवतो! कॅझ खुर्चीवर बसून होता, हात मांडीवर. “पुन्हा लाव,” मी म्हटलं. त्यानं मान हलवली.

“सव्वीस वर्षं, मालकीणबाई,” तो म्हणाला. मग मिनिटभर गप्प. मग, “माझं घर कुठे आहे हे त्याला माहीत नाही.”

“तू कधी सांगितलंस?”

“नाही.”

“का नाही?”

यापुढे मी ताणलं नाही. मी कुठल्या तोंडानं ताणणार? दाराजवळचं ते स्टूल माझ्याच दुकानातलं होतं.

आठवडाभर गॅरेजचा दिवा लागला नाही. बर्फ वितळून आत पाणी साचलं तरी तो लोटायला आला नाही. मी कुंपणाशी जाऊन हाका मारल्या तर म्हणाला, “बरं नाही.” मला एकदम धडकी भरली. या वयात माणसं बरं नाही म्हणतात आणि मग खरंच बरी होत नाहीत. गाडीचे भाग पाठवणाऱ्या कंपनीला ट्रक नको म्हणून कळवेन, असंही एकदा बोलला. एकट्यानं बनव की, मी म्हटलं. तर म्हणाला, “डावी बाजू मला येत नाही.” आणि ते खोटं नव्हतं. मी त्याला डाव्या टेबलाशी उभं राहून बोल्ट फिरवताना पाहिलं होतं. हात थबकायचा त्याचा. लहान मुलानं उलट्या पायात बूट घालावेत तसा दिसायचा.

शेवटी मीच कागद आणि पेन घेऊन गेले आणि त्याच्यासमोर आपटलं.

“बोलता येत नाही ना? मग लिही. लिहिताना गाडी पुढे सरकत नाही.”

“काय लिहू?”

“पत्ता लिही. आणि ये म्हण. एका अक्षराचा शब्द आहे, मरणार नाहीस.”

त्यानं दोन तास लावले. मी तोवर त्याचं स्वयंपाकघर घासून काढलं. पत्रापेक्षा नकाशाच मोठा होता. नकाशा त्यानं चौथ्या फाटकापासून काढला, कारण दोघांना माहीत असलेली तेवढी एकच जागा. फाटक, पूल, चर्च, पेट्रोल पंप, डावीकडे वळण, घर. घरावर बाण. मैल लिहिले: तीन. तीनच मैल. तो आकडा त्यानं पेनानं पुन्हा गिरवला. खाली पत्र होतं:

‘ओडेल, मी तुला आधीच बोलवायला हवं होतं. गाडी आल्यावर नाही, त्याच्या फार आधी. चुकलं माझं. ये. तुझं टेबल डावीकडे आहे, बेचाळीस इंच. मी अंदाजानं केलंय. उंची चुकली असेल तर कळव. कॅझ.’

पत्र मी स्वतः पेटीत टाकलं, न जाणो याचं मन फिरायचं.

मग वाट बघणं. मार्च सरत आला. टपालवाली बाई दुपारी दोनला येते. पावणेदोनला कॅझ काही ना काही निमित्त काढून अंगणात. नसलेला बर्फ खोऱ्यानं उचल, पेटीचा खिळा ठोक. ती आली की याचा हात पुढे, आणि मग जाहिराती घेऊन हा आत. मी पडद्याआडून बघायची आणि माझाही जीव टांगणीला. म्हातारपणी दुसऱ्याचं पत्र आपण कशाला मनाला लावून घ्यावं? पण घेतलं. खरं सांगायचं तर मलाही पत्र येत नाहीत. त्या पेटीतून कोणाला तरी काहीतरी यावं असं मला फार वाटत होतं.

भाग पाठवणाऱ्या कंपनीकडून मात्र कागद आला: सामान उतरवायला किमान चार माणसं तयार ठेवावीत. कॅझनं मला तो दाखवला. “दोन तर आम्ही,” असं तो पूर्वी म्हणाला असता. आता नुसता दाखवला आणि घडी घालून खिशात ठेवला.

ट्रकला नऊ दिवस राहिले असताना कार्ड आलं. तो ते घेऊन थेट माझ्या दारात आला. चष्मा घरी विसरला होता, की वाचायचं धाडस नव्हतं, कोण जाणे. “तुम्ही वाचा,” म्हणाला.

अक्षर वाकडंतिकडं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

‘कॅझ, नकाशा नीट काढलायस, घर सापडेल. ट्रकच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मुलगी आणून सोडेल. उंची चुकली. तीस इंच कर. आणि डावीकडे तीन फूट जागा मोकळी ठेव. ओडेल.’

कॅझचा चेहरा आधी उजळला. “येतोय,” तो म्हणाला. “शुक्रवारी.” मग कपाळाला आठ्या. “तीस? थट्टा करतोय. सहा फूट चार इंचांचा माणूस तीस इंचांवर काम करणार? रांगत?”

मी कार्ड पुन्हा वाचलं. तीस इंच. तीन फूट. माझी बहीण आयरीन शेवटची चार वर्षं माझ्याकडे होती. तिच्यासाठी मी घराची दारं रुंद करून घेतली होती. तीन फूट कशाला लागतात हे मला सुतारापेक्षा जास्त माहीत आहे.

“कॅझ,” मी म्हटलं, “तो बसून काम करणार आहे.”

“स्टूल ठेवलंय की मी.”

“स्टुलावर नाही रे. चाकांच्या खुर्चीत.”

तो माझ्या दारात उभाच राहिला. बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी गाडी गेली. एक वाक्य बोलायला त्याला किती गाड्या लागल्या कोण जाणे.

“पाय?” शेवटी त्यानं विचारलं.

“मला काय माहीत. असतील, नसतील.”

“मी फोनवर विचारलंच नाही, कसा आहेस म्हणून.”

“नाही विचारलंस.”

“कामावर तो मला छातीच्या वरच दिसायचा, मालकीणबाई. पायांकडे कधी लक्षच गेलं नाही.” आणि तो रडला. माझ्या उंबऱ्यावर, टोपी हातात घेऊन, चौसष्ट वर्षांचा माणूस. मीही रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग तो गेला आणि मी स्वेटर चढवून मागोमाग गेले. गॅरेजमध्ये आठही दिवे लागलेले होते. त्यानं डावीकडचं टेबल आडवं पाडलं, चारही पायांवर गुण्यानं पेन्सिलीची रेघ मारली आणि करवत घेतली. बारा इंच प्रत्येकी. कापताना हात थबकला नाही. चार तुकडे जमिनीवर पडले, ते त्यानं उचलून कोपऱ्यात नीट रचले. टेबल उभं केलं. माझ्या मांडीपर्यंतच येत होतं. मग स्टूल उचलून बाहेर नेलं. मग भिंतीवरचा एकेक पाना काढून, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतक्या खाली खिळे ठोकले. काळ्या पेनाचे जुने आकार वर तसेच राहिले.

मग तो पिवळ्या पट्टीकडे वळला. गाडी बरोबर मधोमध होती, दोन्ही टेबलांपासून अडीच-अडीच फूट. त्यानं टेप धरून डावीकडचं अंतर दोनदा मोजलं, जणू मोजल्यानं वाढेल. मग खाली वाकला, पट्टीचं टोक नखानं सोडवलं आणि अख्खी गाडी जमिनीवरून सोलून काढली. ऑक्टोबरपासूनचं सगळं गणित तिच्याभोवती होतं. चार चौकोनही काढले. नवी रेघ अर्धा फूट उजवीकडे, स्वतःच्या टेबलाच्या बाजूला मारली.

“तुझ्याकडे दोनच फूट उरले,” मी म्हटलं. “पोट अडकेल तुझं.”

“आडवा चालेन.”

तो पट्टीचा नवा गुंडाळा फोडून एका कोपऱ्यात गुडघ्यावर बसला. तेरा फूट सरळ रेघ. एकट्यानं लावली तर पट्टी वाकडी जाते, मागच्या वेळी त्यानं ती चारदा उखडून लावली होती. मी लॅरीला हाक मारायला निघणार तेवढ्यात त्यानं मान वर केली.

“मालकीणबाई,” तो म्हणाला, “हे टोक जरा धरता का?”

मी गुडघ्यांना शिव्या देत जमिनीवर बसले आणि टोक धरलं.